डॉक्टर भाचीस, सीए आत्याकडून

चि. सायली,



तुझं पर्मनंट रजिस्ट्रेशन झालं, बाँडची पोस्टिंगही लागली. दादाने सर्टिफिकेटचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दिवसभर अभिनंदनाचा पाऊस पडला. त्या पावसात तू एक ओळ लिहिलीस: ‘आता अधिकृतरीत्या संशयित झाले.’ सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले, मी टाकला नाही. नंतर फोनवर तू जे बोललीस, त्यातला संताप खरा होता. ग्राहक न्यायालय आमच्यावर, पोलीस आमच्यावर, कौन्सिल आमच्यावर, आणि वर नातेवाइकांची काठीही आमच्यावरच. वकिलांना मात्र सुप्रीम कोर्टाने सूट दिली, असं तू म्हणालीस. फोनवर उत्तर देत बसले असते तर आपलं भांडण झालं असतं. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या बाजूने बोलते, कारण तुझी बाजू लंगडी नाही. वकिलांचं तू म्हणतेस ते खरं आहे. 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. डॉक्टर मात्र 1995 च्या निकालापासून त्या कायद्याखाली आहेत. वकिलांना बाहेर ठेवणाऱ्या पीठाने डॉक्टरांच्या त्या जुन्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं सुचवलं होतं. पण पुढे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नसल्याचं म्हटलं. एकाच देशात दोन शिकलेल्या व्यवसायांना दोन न्याय, हे तुला टोचणारच. मलाही पटलेलं नाही. पण यातून तू ‘आम्हालाही बाहेर काढा’ असा निष्कर्ष काढलास, आणि मी नेमका उलटा काढते.

फौजदारी कायद्याचंही तसंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. बिल संसदेत आलं तेव्हा डॉक्टरांना वगळलं म्हणून पेढे वाटले गेले. जुन्या कायद्यातही दोनच वर्षं होती. म्हणजे इतरांची शिक्षा वाढली आणि तुमची होती तिथेच राहिली, एवढंच झालं. बाकी सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाची ढाल तुम्हाला आहे: साधी चूक वेगळी आणि घोर निष्काळजीपणा वेगळा, दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये, ऊठसूट अटक करू नये. पण ढाल असली तरी चौकीच्या बाकड्यावर बसायची वेळ येतेच, हे तुझ्या सिनिअरांनी तुला सांगितलं असेल.

आता माझी बाजू. मागे आमचे एक जुने क्लायंट माझ्याकडे आले, रिटर्नच्या कामाने नव्हे. त्यांच्या पत्नी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. खाजगी हॉस्पिटल होतं, नाव सांगण्यात अर्थ नाही. बरेच खेटे घालून त्यांनी इनडोअर केस पेपरच्या झेरॉक्स मिळवल्या होत्या. ‘मॅडम, तुम्ही कागद वाचता, जरा बघा,’ म्हणाले. मला त्यातलं औषधपाणी काय कळणार? पण पहिल्याच पानावर संमतीपत्र होतं. छापील, इंग्रजीत, शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी, जोखमीची जागा कोरी, आणि खाली कोपऱ्यात या गृहस्थांची मराठी सही. पुढे नर्सिंग चार्ट. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत दर तासाला एक नोंद. सगळीकडे बीपी तेच, नाडी तीच, अक्षर एक, शाई एक, ओळ कुठे हललेली नाही. सायली, वर्षभराचं कॅशबुक ऑडिटच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहून काढलेलं असतं ना, ते पान उघडताच आम्हाला कळतं. मला तसंच वाटलं. कदाचित मी चुकतही असेन. कदाचित त्या बाई रात्रभर खरंच स्थिर असतील आणि पहाटे अचानक काही झालं असेल. वैद्यकशास्त्रात असं होतं, हे तूच मला सांगतेस. पण हे ठरवायला जाणकार माणूस लागतो आणि त्याने ते कागद समोर घेऊन बसावं लागतं.

मग मी त्यांना विचारलं, कौन्सिलकडे तक्रार केलीत का? ते माझ्याकडे बघतच राहिले. वकिलाने त्यांना ग्राहक आयोग सांगितला होता, नगरसेवकाने पोलीस चौकी आणि भाच्याने हॉस्पिटलवर मोर्चा. डॉक्टरांच्या वागणुकीची चौकशी करणारी, डॉक्टरांनीच चालवलेली, कायद्याने नेमलेली संस्था मुंबईत आहे, हे त्यांना एकानेही सांगितलं नव्हतं. त्यांना मुळात हवं तरी काय होतं? त्या सहा तासांत तिच्याजवळ कोण होतं, एवढंच. नुकसानभरपाईचा आकडा वकिलाने काढला, त्यांनी नाही.

तुला ग्राहक न्यायालय, पोलीस आणि काठी यांचा राग येतो. पण ज्याला जिथे दार दिसतं तिथेच तो जातो. तुमच्या स्वतःच्या घराचं दार वेळेवर उघडत नाही, म्हणून लोक खिडक्या फोडतात. फोडणं गुन्हाच आहे. महाराष्ट्राने 2010 साली त्यासाठी वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हल्ले थांबले का? तू वॉर्डात काम केलंयस, तूच सांग.

आता हे दार किती उघडं आहे ते बघू. 2002 च्या आचारसंहितेत, जी आजही लागू आहे, दोन नियम अगदी सरळ आहेत. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं. तक्रार आल्यावर कौन्सिलने सहा महिन्यांत निर्णय करायचा. रेकॉर्डचा नियम कागदावर आला तोही भांडून. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रुग्णाला आपले कागद मागायचा हक्क आहे हे बजावलं, तेव्हा समोर प्रतिवादी म्हणून आपलं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच उभं होतं. त्याच 2002 च्या नियमांत निर्णयाने नाराज असलेल्या कोणालाही साठ दिवसांत दिल्लीला अपील करता येत होतं, डॉक्टरला आणि रुग्णालाही.

मग आला 2019 चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची अवस्था तुला माहीत आहे; 2010 साली लाचखोरीच्या आरोपाखाली अध्यक्षांनाच सीबीआयने अटक केली होती, आणि 2018 मध्ये सरकारने ते मंडळच गुंडाळलं. 25 सप्टेंबर 2020 पासून आयोग कामाला लागला. डॉक्टरांनी डॉक्टर निवडायचे ही पद्धत मोडली, नेमणुका सुरू झाल्या. डॉक्टरांच्या संघटनेने, आयएमएने, त्याविरुद्ध आवाज उठवला, त्यात तथ्यही होतं. पण एका पोटकलमावर मात्र त्या मानाने फारच थोडे बोलले. कलम 30 मध्ये राज्य परिषदेच्या निर्णयावर अपिलाचा हक्क लिहिलाय तो डॉक्टरला: आधी नीती आणि नोंदणी मंडळाकडे, तिथे समाधान झालं नाही तर आयोगाकडे, अशा दोन पायऱ्या. रुग्णाचं नावच नाही. त्या पोटकलमावर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली. 2022 च्या अखेरीस दुरुस्तीचा एक मसुदा आला होता, त्यात रुग्णालाही अपील देण्याचा प्रस्ताव होता. मसुद्याचा कायदा झाला नाही.

33 जणांच्या आयोगात व्यवस्थापन, कायदा, वैद्यकीय नीती, रुग्णहक्क, अर्थशास्त्र या सगळ्या क्षेत्रांसाठी मिळून खास जागा तीन. मग निर्णय कितीही बरोबर असला तरी बाहेरच्या माणसाला तो आपसातला वाटतो. तुझी मैत्रीण ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करण्यासाठीच्या प्लॅब परीक्षेचा अभ्यास करतेय ना, तिला विचार. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल 1858 च्या कायद्याने सुरू झाली आणि दीडशे वर्षं डॉक्टरांच्याच हातात होती. शिपमन नावाच्या एका जनरल प्रॅक्टिशनरला जानेवारी 2000 मध्ये स्वतःच्या पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, चौकशा बसल्या आणि सगळी रचनाच हलली. आज तिथल्या बारा सदस्यांत सहा डॉक्टर नसलेले आहेत, आणि सुनावणी घेणारं न्यायाधिकरण तपास करणाऱ्या विभागापासून वेगळं आहे. तिथले डॉक्टरही आपल्या कौन्सिलवर खूश नाहीत, कुरकुर चालूच असते. पण ‘आपसात मिटवलं’ हा आरोप तिथे इतक्या सहज चिकटत नाही.

तू म्हणशील, आत्या, दुसऱ्याच्या घरात डोकावणं सोपं असतं. म्हणून आमच्या घरातलंही सांगते. 1949 च्या कायद्याने आमची इन्स्टिट्यूट झाली आणि सीएंची चूक सीएच बघणार असं ठरलं. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा फुटला. वर्षानुवर्षं न तपासलेल्या बँक बॅलन्सखाली ऑडिटरच्या सह्या होत्या. पुढे 2018 च्या सुरुवातीला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा आला आणि सरकारचा धीर सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएफआरए, म्हणजे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण उभं राहिलं. लिस्टेड आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरची चौकशी आमच्या इन्स्टिट्यूटच्या हातून गेली. सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत बंदी घालायचा अधिकार त्यांना आहे, आणि त्यांचे आदेश वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. आमच्या ब्रँचच्या सभेत तेव्हा काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! बाहेरच्यांना ऑडिट काय कळतं, सरकार आम्हाला चोर समजतं, असं सगळं. तुझं फोनवरचं भाषण मला शब्दशः ओळखीचं वाटलं ते म्हणूनच. मग 2022 मध्ये संसदेने आमच्या कायद्यातही दुरुस्ती केली: शिस्तपालन समितीवर बहुमत सीए नसलेल्यांचं, अध्यक्षही बाहेरचा.

आणि आमचं यूडीआयएन. 2019 पासून आमच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर अठरा आकडी नंबर टाकावा लागतो. आधी कटकट वाटली. रात्री अकराला सर्व्हर बंद पडला की अजूनही तोंडून दोन शब्द निघतात. पण त्याआधी कुणीही रबरी शिक्का बनवून माझी सही ठोकायचा आणि बँकेत कर्ज उचलायचा. आता मॅनेजर नंबर टाकून दोन मिनिटांत बघतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणला, त्यावर तुमच्या ग्रुपमध्ये ‘आता आम्ही काय बिस्किटाचे पुडे?’ असा विनोद फिरला म्हणे. हसा, पण तो कोड दवाखान्यात लावा. बोगस डॉक्टरला तो लावता येणार नाही, यात तुझाच फायदा आहे.

आता औषध कंपन्यांचं. इथे मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय, कारण मी लेजर बघते. ‘सेल्स प्रमोशन’ नावाच्या खात्याखाली काय काय दडतं, ते विचारू नकोस. डॉक्टरांनी कंपन्यांच्या भेटी घेऊ नयेत हा नियम मेडिकल कौन्सिलने 2009 मध्ये केला. पण तो फक्त घेणाऱ्याला; देणारी कंपनी कौन्सिलच्या कक्षेबाहेर. त्यामुळे कंपन्या म्हणायच्या, आमच्यासाठी हा धंद्याचा खर्च, करातून वजावट द्या. 22 फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने एपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात हे बंद केलं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या प्रचारासाठी डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप, परिषदांची फी. कोर्टाने विचारलं ते साधं आहे: जे घेणं डॉक्टरला निषिद्ध, ते देणं कंपनीचा कायदेशीर खर्च कसा? त्या फ्रिजची किंमत शेवटी गोळीच्या किमतीतच येते, हेही निकालात आहे. तुमच्या नीतीचा नियम खऱ्या अर्थाने चावला तो आयकराच्या कलमातून. मला त्यात आनंद कमी आणि वाईट जास्त वाटलं. हे काम तुमच्या कौन्सिलचं होतं.

पुढच्याच वर्षी आयोगाने नवी आचारसंहिता काढली, 2 ऑगस्ट 2023 ला. भेटींवर बंदी, कंपन्यांच्या पैशाने होणाऱ्या परिषदांना मनाई, सोशल मीडियावर कसं वागायचं, जेनेरिक नावानेच औषध लिहायची सक्ती. जेनेरिकवर तुम्ही जे म्हणालात ते मला पटतं. गोळीच्या दर्जाची हमी सरकार देत नाही, तोवर शिक्षा डॉक्टरला का? पण त्या एका मुद्द्यावर रान उठलं आणि 23 ऑगस्टला सगळीच संहिता स्थगित झाली. जेनेरिकबरोबर परिषदांची मनाईही गेली. कोणाला कसलं दुःख झालं, ते मला लेजरवरून थोडंफार कळतं.

आणखी एक खटकतं. आधुनिक औषधशास्त्राचा (सीसीएमपी) एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची तुमच्या कौन्सिलमध्ये नोंद करायची ठरली, तेव्हा सप्टेंबर 2025 मध्ये राज्यभरातले डॉक्टर संपावर गेले. तूही काळी फीत लावली होतीस. ती बाजू मला समजते. रुग्णाला समोरचा काय शिकलाय हे कळलंच पाहिजे. पण नोंदवहीत कोण येतं यासाठी संप होतो, आणि कोणाला तिच्यातून काढायचं यासाठी साधं निवेदनही निघत नाही. रुग्णाच्या अपिलासाठी एखाद्या डॉक्टर संघटनेने रस्ता अडवल्याचं मला तरी आठवत नाही.

तुला हे सगळं आत्ताच का सांगतेय? कारण तू प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणार आहेस. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरचेसुद्धा पैसे घेत नाहीत. ग्राहक कायदा सर्वांना मोफत असलेल्या सेवेला लागू होत नाही. तुझ्या टेबलासमोर जी बाई पोर कडेवर घेऊन बसेल, तिच्यासाठी ग्राहक आयोग बंद आहे. काही बिनसलं तर तिच्याकडे व्यवहारात दोनच वाटा: पोलीस किंवा तुमचं कौन्सिल. आणि मुंबईला जाऊन प्रतिज्ञापत्रासह तक्रार करायची तिची ऐपत नाही. म्हणजे एकच वाट. हे तुला बरं वाटतं का? ऐकणारं कौन्सिल तिच्यापेक्षा तुलाच जास्त हवंय. तिथे निदान समोर बसलेल्याला रक्तदाब कशाला म्हणतात हे माहीत असतं. तू जर बरोबर असशील तर ‘ही डॉक्टर बरोबर होती’ हे सहा महिन्यांत, कारणांसह, सगळ्यांना दिसेल असं सांगणारी दुसरी जागा नाही. कोर्टात हेच ऐकायला तुझी पंधरा वर्षं जातील, आणि तोवर गाव आपला निकाल देऊन मोकळं झालेलं असेल.

म्हणून आत्याचे चार हट्ट. संमतीपत्र मराठीत कर, कोऱ्या जागा भरून मग सही घे. केंद्रात छापील नसेल तर हाताने लिही. नोंद त्या त्या वेळी कर, वेळेसकट, आणि चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही कर, व्हाइटनर नको. कुणी कागद मागितले तर 72 तासांची वाट बघू नकोस. आणि चौथा हट्ट मोठा आहे. कौन्सिलवरचे काही सदस्य तुम्ही डॉक्टर मतदान करून निवडता. तुझं नाव आता मतदारांत आहे. उमेदवार व्हॉट्सॲपवर गोड गोड बोलतील, तेव्हा दोनच प्रश्न विचार: सहा महिन्यांची मुदत पाळणार का, आणि निकालाविरुद्ध अपील रुग्णाला मिळावं म्हणून दिल्लीला लिहिणार का? उत्तर नाही मिळालं तर ते स्क्रीनशॉट मला पाठव. आमच्या इन्स्टिट्यूटच्या निवडणुकीतले स्क्रीनशॉट मी तुला पाठवीन, हिशोब सारखाच निघेल.

दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे आणि तीस क्रेडिट जमवायचेत, ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस. आपल्या घराण्याची ती जुनी खोड आहे. दादाला सांग, गाडीचा विमा या महिन्यात संपतोय. आणि हे वाचून राग आला तर फोन कर. भांडायला मी मोकळी आहे, फक्त सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटच्या दिवसांत नको.

तुझी,
आत्या